स्टुलावरचा कीबोर्ड

ज्या वर्षी तेओपिस्ताला जुळं झालं आणि बासष्टाव्या वर्षी मी सालोंगो झालो, त्याच वर्षी विद्यापीठानं मला माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसवायचा घाट घातला. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. आमच्या बुगांडात हा मान राजाच्या खालोखाल. भाड्याची मोटरसायकल चालवणारा बोडावाला भरधाव जाताना सुद्धा हळू होतो आणि "काय सालोंगो, बरं आहे ना?" म्हणून विचारतो. असा मान नुकताच डोक्यावर चढलेला माणूस, आणि त्याला हे शिकलेले लोक सांगतात, सासूबरोबर एका कॉम्प्युटरवर बसा. राग ओसरल्यावर हे लिहायचं असं मी ठरवलं होतं. पुष्कळ वाट पाहिली. ओसरत नाही. म्हणून तसाच लिहायला बसलोय.

या वयात विद्यापीठात काय करत होतात, असं मला इतक्यांनी विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. मी जन्मभर लाकडाच्या वखारीत करवत चालवली. अक्षरं शिकलो ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, चर्चच्या प्रौढवर्गात. पुढं एकदा जमिनीच्या कचेरीत माझ्याच तुकड्याचा उतारा मागायला गेलो, तर खिडकीतली पोरगी आपली नखं बघत म्हणाली, "मझी, कॉम्प्युटर नाही म्हणतोय." मझी म्हणजे वडीलधारा माणूस.

"का नाही म्हणतो?"

"ते त्याचं त्याला माहीत."

आयुष्यभर मला माणसंच नाही म्हणत आली. माणसाची कॉलर धरता येते. या नाहीची कॉलर कुठं असते ते बघायचं मी त्या खिडकीसमोरच ठरवलं. मोठ्या वयाच्या लोकांसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा असते, ती दिली आणि आत शिरलो.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षाला 'कॉम्प्युटरची रचना' नावाचा विषय आला आणि त्यात असेम्ब्ली. बाकीच्या भाषांमध्ये तुम्ही साहेबाच्या कारकुनाशी बोलता. थोडं चुकलंमाकलं तर तो सांभाळून घेतो. असेम्ब्लीत थेट साहेबाच्या केबिनमध्ये जायचं. हा साहेब, म्हणजे प्रोसेसर, एका वेळी एकच काम ऐकतो आणि तेही त्याच्या शब्दांत सांगितलं तर. हे उचल, तिथं ठेव, यात एक मिळव, शून्य झालं का बघ, झालं असेल तर अमुक ओळीवर उडी मार. बस. माझी दोन बोटं करवतीनं ठेवून घेतली आहेत, त्यामुळे आठावर मोजायची पद्धत वर्गात सगळ्यांच्या आधी मला जमली. त्यापुढं माझी गाडी रुतली.

रुतली ती एका फालतू ओळीवर. दोन खोक्यांतले आकडे अदलाबदल करायचे होते. खोके म्हणजे यंत्राच्या मेमरीतल्या जागा, शेजारीशेजारी, एकात पाच, दुसऱ्यात नऊ. मी लिहिलं, मूव्ह, यातलं त्यात. यंत्र म्हणालं, चूक. उलटं लिहिलं. चूक. तीच 'नाही', त्याच आवाजात. अरे, वखारीत मी एका गाडीतलं लाकूड दुसऱ्या गाडीत टाकताना कुणाची परवानगी काढली होती काय? वर्षभर मी या प्रश्नावर डोकं आपटलं आणि नापास झालो. हा विषय दोनदाच देता येतो. दुसऱ्यांदा गेला की नाव काढून टाकतात आणि गठुडं बांधून घरी पाठवतात.

तर दुसऱ्या खेपेचा पहिला दिवस. आमचे प्राध्यापक डॉक्टर ल्वेबुगा आले. वय पस्तीस, टाय करकरीत, बोलताना घड्याळ बघायची सवय. म्हणाले, "प्रयोगशाळेतली निम्मी यंत्रं बंद आहेत. एका यंत्रावर दोघं बसतील. निम्मे गुण दोघांना मिळून. शेवटी दोघांनी माझ्यासमोर प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. जोड्या कॉम्प्युटरनं लावल्यात."

भिंतीवरच्या यादीवर बोट फिरवत मी माझं नाव शोधलं. किबिरांगो सेव्हेरिनो. पुढं जोडीदार, नाबुकालु मोदेस्ता.

आता सासूबाई याच विद्यापीठात शिकत होत्या हे मला माहीत होतं. वय एक्कावन्न, म्हणजे माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पहिली बायको गेल्यावर मी उशिरा तेओपिस्ता केली, त्याचा हा हिशेब. सासूबाई प्राथमिक शाळेत मास्तरीण. नवा नियम निघाला होता की ठरल्या मुदतीत पदवी नसेल तर वर्ग काढून घेणार, म्हणजे एकही विषय मागं राहून चालणार नव्हतं. म्हणून त्या शनिवारच्या तुकडीत बसत आणि मी रोजच्या. शिवाय फाटकंही आम्ही वाटून घेतली होती. त्या वरच्या फाटकानं, मी खालच्या. दीड वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. विद्यापीठानं त्याच आठवड्यात शनिवारची तुकडी बंद करून आमच्यात ओतली, कुणाला न विचारता.

मी मान वर केली आणि दारात निळ्या बुसुटीचा, म्हणजे आमच्या बायकांच्या लांब झग्याचा, घोळ दिसला. खांद्यावरचा टोकदार झोक ओळखीचा. मी जे केलं ते कुठल्याही घरंदाज जावयानं केलं असतं. बाकाखाली गेलो. सासूबाईंनीही मला पाहिलं असणार, कारण त्या गर्रकन वळून सूचनाफलकाला नाक लावून उभ्या राहिल्या आणि पर्स चेहऱ्याआड धरली.

वर्गातली पोरं मला जज्जा म्हणतात, आजोबा. एक जण वाकून म्हणाला, "जज्जा, काय पडलं?"

"माझी अब्रू. दिसली तर दे."

तास संपल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. "ही जोडी होऊ शकत नाही. त्या माझ्या सासूबाई आहेत."

"मग?"

"मग? तुम्ही कुठले हो?"

"मसाकाचा."

"म्हणजे आमच्यातलेच. मग तुम्हाला मी काय सांगू? सासू-जावयानं एका छपराखाली बसायचं नाही, तोंड बघायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. दिलं तर थरथरी लागते. म्हातारपणी चमचा तोंडाशी जाईपर्यंत रस्सा सदऱ्यावर."

"मझी, मी सात वर्षं स्कॉटलंडला होतो."

"तिथं सासवा नसतात?"

त्यांनी घड्याळ बघितलं. "जोड्या मी लावलेल्या नाहीत. कॉम्प्युटरनं लावल्यात. कचेरीत जा."

कचेरीत गेलो. कारकूनबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. नातेवाइकानं नातेवाइकाचा पेपर तपासू नये असा नियम निघाला, नातेवाइकाशेजारी बसू नये असा निघाला नाही. "बदल फक्त आजारपणासाठी होतो, मझी. सासू हा आजार आहे का?"

"होतो त्यानं. थरथरी."

"मग डॉक्टरचा दाखला आणा."

विद्यापीठाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरनं माझे दोन्ही हात पुढं करायला लावले, पंज्यावर कागद ठेवून बघितला. कागद हलला नाही. करवतीवर आयुष्य काढलेला हात आहे, हलला असता तर आठ बोटंही राहिली नसती. "थरथर नाही," तो म्हणाला.

"अजून नाही. सासूबाईंशेजारी बसल्यावर होणार."

"मग झाल्यावर या."

मी माणूस शांत आहे. पण त्या दिवशी फाटकाबाहेर रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं अंडं, भाजणाऱ्यानं माझ्या चपातीत अंडं एकच घातलं, तेव्हा मी त्याला जे बोललो त्याबद्दल तो अजून मला टोमणे मारतो.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आमची चाळीसारखी खोल्यांची रांग, भिंती पातळ, कान तिखट. शेजारचे हाजी मुबिरू दारातच वाट बघत होते. "सोपं आहे, सालोंगो. तेओपिस्ताला सोडून दे. सासू ही सासू राहणार नाही. परीक्षा दे, पास हो, परत लग्न लाव. जेवण मात्र दोन्ही वेळा घाल."

आतून तेओपिस्ता दोन काखांत दोन पोरं घेऊन बाहेर आली. "हाजी, तुमच्या घरच्यांना सांगू का तुमचा सल्ला?" हाजी त्यांच्या भिंतीआड गेले. मग ती माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही! माझ्या आईचा वर्ग जाईल हे कळतंय का? तिला शिकवण्याशिवाय काही येत नाही. तुम्ही नापास झालात तर तुम्ही नुसते चिडाल. ते तुम्ही तसेही चिडताच."

हे बायको बोलते. सालोंगोला.

सुटका केली ती तिच्या आत्यानं. बिबियाना आत्या म्हणजे माझी आतेसासू. आमच्यात लग्न जमवणं, टिकवणं आणि गरज पडली तर नवऱ्याला चार शब्द सुनावणं ही सगळी आत्याची खाती. ती मटोक्यांचा, म्हणजे कच्च्या केळ्यांचा, घड घेऊन आली, बसली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "रडता काय? माझ्या नवऱ्यानं माझ्या आईला तीस वर्षं दूध पोचवलं. हातात दिलं का? उंबऱ्यावर ठेवायचा, बाजूला व्हायचा, ती उचलायची. तुम्ही मध्ये चादर लावा, मध्ये एक स्टूल ठेवा."

"पण छप्पर एकच ना, आत्याबाई!"

"चर्चमध्ये बसता ना दोघं? ते छप्पर कुणाच्या घराचं नाही. हेही नाही. छप्पर तुमचं असलं तरच दोष. आता मला चहा कुणी देणार आहे का?"

अशा रीतीनं मंगळवारी मी प्रयोगशाळेत सुतळी, खिळे, स्टूल आणि आमच्या लग्नातली चादर घेऊन दाखल झालो. चादरीवर दोन हंस एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पोहत होते. घरात दुसरी धड चादर नव्हती, जुळ्यांनी बाकीच्यांचं जे करायचं ते केलं होतं. टेबलाच्या मधोमध चादर टांगली. कॉम्प्युटरचा पडदा दोघांना अर्धा अर्धा दिसेल असा टोकाला ठेवला. कीबोर्ड मात्र एकच. टेबलाच्या अलीकडं चादरीच्या खाली स्टूल. माझं टंकून झालं की मी कीबोर्ड स्टुलावर ठेवायचा, हात मागं घ्यायचा, खाकरायचं. मग पलीकडून बांगड्यांचा आवाज यायचा आणि कीबोर्ड चादरीखालून निघून जायचा.

"नमस्कार, जावईबापू," चादरीतून आवाज आला.

"नमस्कार, सासूबाई. तब्येत?"

"देवाची कृपा. जुळी?"

"ओरडतात."

"तुमच्यावर गेलीत."

पोरं जमली. एकानं मोबाइलवर फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या विद्यापीठात फिरला. दोन हंस, हंसांच्या खाली माझ्या चपला. आमच्या गावच्या पाद्रीबाबांचा फोन आला, "सेव्हेरिनो, तू विद्यापीठात खाट लावलीस असं ऐकतो." तेवढ्यात पंखा सुरू झाला, चादर सासूबाईंच्या तोंडावर गेली. पंखा बंद केला तर पोरं उकाड्यानं बोंबलली. मग प्रयोगशाळेचा रखवालदार आला. विद्यापीठाच्या टेबलावर खासगी चादर टांगायची तर इमारत विभागाची परवानगी लागते म्हणाला. मी अर्ज केला. इमारत विभागाचा माणूस फूटपट्टी घेऊन आला, चादर मापली, हंस मोजले, आणि अशा ठिकाणी लाकडी आडभिंत घालता येईल, प्रस्ताव पाठवतो, असं सांगून गेला. लाकडी आडभिंत! मला! मी दुपारभरात ठोकून दिली असती. त्यांनी ठोकू दिली नाही.

असा आरडाओरडा मागे टाकून आम्ही एकदाचे कामाला लागलो. पहिला प्रयोग तोच. दोन खोक्यांतले आकडे अदलाबदल करा.

मी टंकलं, मूव्ह, यातलं त्यात. यंत्र म्हणालं, चूक. पुन्हा टंकलं. चूक.

"अरे नालायका!" मी यंत्राला म्हणालो. "शेजारीशेजारी खोके आहेत! हातभर अंतर नाही! यातलं त्यात टाकायला तुझ्या बापाचं काय जातं?"

सगळी प्रयोगशाळा वळून बघायला लागली. मग सासूबाईंचा वर्गातला आवाज आला, फळ्यापाशी चुकलेल्या मुलाशी बोलतात तसा.

"जावईबापू, कीबोर्ड द्या बघू मला."

मी कीबोर्ड स्टुलावर ठेवला, हात मागं घेतला, खाकरलो.

"आता तुम्ही काय केलंत?"

"कीबोर्ड दिला."

"माझ्या हातात दिलात?"

"छे! देवा रे! स्टुलावर ठेवला."

"का?"

"का काय? तुम्ही सासूबाई, मी जावई."

"मग ते दोन खोकेही सासू-जावई आहेत असं समजा," त्या म्हणाल्या. "त्यांना हातातून हातात देता येत नाही. प्रोसेसरचं स्टूल वापरा."

प्रोसेसरच्या हाताशी चार-सहा छोट्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. वर्षभर मी त्यांची नावं पाठ केली होती आणि त्या कशाला ठेवल्यात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबानं हौस म्हणून ठेवल्या असतील असं मी समजत होतो. पाच उचलून एका स्टुलावर ठेवायचे. नऊ उचलून दुसऱ्या स्टुलावर. मग ज्याचं त्यानं उचलायचं. चार ओळी. यंत्र चूक म्हणालं नाही. पडद्यावर नऊ आणि पाच आले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. जी गोष्ट आमच्या घरातल्या शेंबड्या पोराला कळते, ती डॉक्टर ल्वेबुगांनी वर्षभर इंग्रजीतून सांगितली आणि मला कळली नाही, आणि त्यापायी मी नापास झालो!

त्या दिवसापासून आमची जोडी जी सुटली ती विचारू नका. स्टॅक नावाचा ढीग आला, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं. मी सासूबाईंना वखारीतल्या फळ्यांची चळत समजावली. दुसऱ्याचं काम करून देणारे उपप्रोग्रॅम आले, त्यात पाहुण्यानं वापरलेली स्टुलं जाताना होती तशी ठेवून जायची असा नियम. सासूबाई म्हणाल्या, "हे तुमच्या मित्रांना शिकवा." एकदा माझा प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहिला, थांबेचना. सासूबाई बराच वेळ पडद्याकडं बघून म्हणाल्या, "एक वजा करायचं विसरलात. माझ्याकडं तिसरीत एक मुलगी आहे, तीही असंच करते. पण ती ओरडत नाही." बाकीच्या जोड्या आम्हाला विचारायला यायला लागल्या. तास सुटल्यावर आधी त्या जात, बुसुटीची सळसळ जिन्यावरून उतरून गेली की मग मी चादर घडी करायचो. सबंध सत्रात त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. त्यांचा हात कसा चालतो ते मात्र मला पाठ होतं. बेरजेच्या ओळीनंतर त्या नेहमी एक रिकामी ओळ सोडत.

आता डॉक्टर ल्वेबुगा. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी चर्चबाहेर उभा होतो. त्यांची पांढरी मोटार आली. पुढं डॉक्टर आणि बायको, मागची अख्खी सीट मोकळी. आणि मोटारीच्या मागून, धूळ खात, एक बोडा आला. त्यावरून सत्तरीच्या एक बाई उतरल्या, बुसुटी झटकली, आणि डॉक्टर पटकन मोटारीच्या पलीकडच्या बाजूनं सटकून आत गेले. मी बोडावाल्याला विचारलं, कोण रे त्या? "डॉक्टरांच्या सासूबाई. दर रविवारी मीच आणतो." पोटात ठेवलं. तिथंच राहू द्यायला हवं होतं.

प्रोग्रॅम दाखवायचा दिवस उजाडला. दारावर कागद चिकटवलेला, 'प्रयोगशाळेत पडदे, चादरी वगैरे आणण्यास सक्त मनाई.' वगैरे म्हणजे मी. मी हंस घडी करून पिशवीत टाकले. पण बिबियाना आत्यानं याचाही विचार आधीच केलेला होता. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, मध्ये स्टूल. मी यंत्राकडं तोंड करून, सासूबाई भिंतीकडं तोंड करून, त्यांच्या हातात प्रोग्रॅमचा छापील कागद. तोंड दिसत नाही, हात लागत नाही, काम होतं.

डॉक्टर आले. खुर्च्यांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "हा प्रोग्रॅम आकडे चढत्या क्रमानं लावतो. उतरत्या क्रमानं लावून दाखवा."

मी ओळी चाळायला लागलो. पाठीमागून आवाज आला, "जावईबापू, तुलनेनंतरची उडी. 'मोठं असेल तर'च्या जागी 'लहान असेल तर' करा. बाकी कशाला हात लावू नका."

मी एक शब्द बदलला. चालवला. आकडे पडद्यावर मोठ्यापासून छोट्यापर्यंत शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "आता बाई पडद्याकडं बघून समजावतील. खुर्च्या वळवा."

"त्या इथूनच समजावतील," मी म्हणालो. "त्यांना सगळं पाठ आहे."

"मझी, जोडीनं दाखवायचं म्हणजे जोडीनं. शेजारी बसा. हे विद्यापीठ आहे, गाव नाही. इथं असल्या जुनाट समजुती चालणार नाहीत."

"जावईबापू," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आता गप्प राहा."

मी गप्प राहिलोही असतो. पण 'जुनाट' हा शब्द माझ्या कानात शिरला आणि तिथून पोटात उतरला, आणि पोटात रविवार होता.

"डॉक्टर, तुमच्या मोटारीची मागची सीट मोडलीय का?"

"काय?"

"नाही, दर रविवारी सासूबाई बोडावरून धूळ खात येतात म्हणून विचारलं. स्कॉटलंडात अशीच पद्धत आहे का?"

प्रयोगशाळेत जो हशा उठला, तो जिन्यावरून खाली, कचेरीपर्यंत गेला म्हणतात. माझ्या पाठीमागं मात्र कुणी हसलं नाही. डॉक्टरांचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा झाला. त्यांनी पेन काढलं आणि आमच्या दोघांच्या नावापुढं शून्य लिहिलं. 'गैरवर्तन.' पडद्यावर आकडे उतरत्या क्रमानं तसेच उभे होते.

निम्मे गुण गेले म्हणजे विषय गेला. विषय गेला म्हणजे मी घरी आणि सासूबाईंचा वर्ग दुसऱ्या कुणाला.

तेओपिस्ता आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. जेवण स्टुलावर ठेवायची. हाजी मुबिरू भिंतीपलीकडून म्हणाले, "मी सांगितलं होतं, सोडून दे म्हणून." मी म्हणालो, जे बोललो ते खरं होतं. तेओपिस्ता भिंतीला म्हणाली, "खरं बोलायला हे एकटे असतात, शून्य मात्र दोघांना मिळतं."

सासूबाईंनीच अपील करायचं ठरवलं. त्यांनी आत्याबाईंकडून निरोप पाठवला, 'प्रोग्रॅम चालला हे साऱ्या वर्गानं पाहिलंय. शून्य कसं?' कचेरीतल्या त्याच कारकूनबाई. अपिलावर दोघांनी सही करायची, एकमेकांच्या समोर. मी हसलो. रागाचं एक हसू असतं, ते. शेवटी सासूबाईंनी खिडकीबाहेर व्हरांड्यात उभं राहून सही केली आणि मी आत. बाईंनी कागद खिडकीच्या चौकटीवर ठेवला. त्यांना आता सवय झाली होती.

समिती तीन जणांची. पहिल्या बैठकीला दोघेच आले, म्हणून बैठक नाही. दुसऱ्या वेळी तिघं आले, पण त्यांना सासू-जावयाचं प्रकरण म्हणजे घरगुती भांडण वाटलं, ते त्यांनी समुपदेशकाकडं पाठवलं. समुपदेशकानं आम्हाला समोरासमोर बसून मन मोकळं करायला सांगितलं. मी समुपदेशकाला माझं मन मोकळं करून दाखवलं. त्यावरून आणखी एक तक्रार झाली, तिची वेगळी समिती. डॉक्टर ल्वेबुगांनी लेखी कळवलं की खासगी प्रवासाच्या बाबी अभ्यासक्रमात येत नाहीत. मग सुट्ट्या लागल्या. मग प्राध्यापकांचा संप. मग समितीतले एक निवृत्त झाले. दरम्यान इमारत विभागाची लाकडी आडभिंत मंजूर होऊन आली आणि त्यांनी ती प्रयोगशाळेऐवजी आमच्या वर्गाच्या दारात ठोकली. आत जायला वाकावं लागे. वाकताना दर वेळी मी खिळे मोजायचो. चुकीचे खिळे, चुकीच्या जागी, आणि तेही वाकडे.

निकाल राखून ठेवलेल्यांना पुढच्या वर्गात बसू देतात, तेवढं बरं. आम्ही बसलो, वेगवेगळ्या तासांना. शाळेनं सासूबाईंना सांगितलं, पदवी येईपर्यंत तुम्ही वर्गावर नाही, वाचनालयात बसा. ते वाचनालय म्हणजे एक कपाट. त्या कपाटासमोर बसून राहिल्या. मुलं मधल्या सुट्टीत त्यांच्याकडं गणितं घेऊन येत. तेओपिस्ता सांगायची, आईचं डोकं दुखतं, रक्तदाब वाढलाय, गोळ्या कधी मिळतात, कधी नाही. मी कचेरीत जायचो. कारकूनबाई म्हणायच्या, "मझी, फाइल पुढं गेली." कुठं पुढं? "ते समितीलाच माहीत." मी त्यांना एकदा सांगितलं, बाई, मी प्रोसेसरच्या आत जाऊन आलोय. तो नाही म्हणतो तेव्हा कुठल्या ओळीवर नाही म्हणतोय हे सांगतो. तुम्ही तेवढंही सांगत नाही.

एकदा मी सासूबाईंच्या दाराबाहेर उभा राहून माफक चौकशी केली. आतून आवाज आला, थकलेला.

"जावईबापू, पुढच्या विषयात काय चाललंय?"

"जाळी. कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात ते."

"कसे बोलतात?"

"मधल्यामार्फत. थेट कुणी कुणाशी बोलत नाही."

मग त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच ऐकलं. "म्हणजे सगळं जगच आपल्यात आलं की," त्या म्हणाल्या. "समितीचं काही?"

"फाइल पुढं गेलीय म्हणतात."

"भांडू नका कुणाशी."

मी कबूल केलं. पाळलं नाही.

पत्र आलं. समितीनं सर्व बाजूंचा साकल्यानं विचार केला होता. प्रोग्रॅम योग्य रीतीनं चालला असल्याचं मान्य करण्यात येत होतं, शून्य रद्द करण्यात येत होतं, किबिरांगो आणि नाबुकालु हे दोन्ही विद्यार्थी उत्तीर्ण होते, आणि दोघांनी मिळून कचेरीत येऊन गुणपत्रक न्यावं असं त्यात लिहिलं होतं. मी ते पत्र दारात उभ्याउभ्या वाचलं, ओठ हलवत, मी तसंच वाचतो. तेओपिस्ता आत होती, सुतकात, जमिनीवर बसलेली. तिनं विचारलं, काय आहे? मी तिला सांगितलं. आजतागायत मी ते गुणपत्रक आणायला गेलेलो नाही. आणायचं तर दोघांनी मिळून जायला हवं, नियम आहे.

पत्र गुरुवारी आलं. माझ्या सासूबाई, मोदेस्ता नाबुकालु, त्याच्या आधीच्या मंगळवारी, १४ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी वारल्या.